भूचर कासवाचा आहार : ग्रामस्थ व शिक्षकांसाठी आवश्यक माहिती

कासव हा प्राणी आपल्या समाजाच्या चांगल्या परिचयाचा आहे. महाराष्ट्रातील व सीमाभागातील अनेक शिवमंदिरांत नंदीच्या पुढे, गाभाऱ्याच्या वाटेवर, फरशीत कोरलेले कासव दिसते. दशावतारांत कूर्म हा दुसरा अवतार मानला जातो आणि ससा-कासवाची गोष्ट न ऐकलेले मूल विरळाच. त्यामुळे शेतात किंवा रस्त्याच्या कडेला जिवंत कासव आढळले, तर त्यास इजा करण्याकडे लोकांचा कल सहसा नसतो. उलट, ते घरी नेऊन सांभाळावे, त्याच्या पायगुणाने घरात बरकत येईल, अशी अनेकांची श्रद्धा असते. काही घरांत ते विकतही आणले जाते.

या सद्भावनेने घरात आलेल्या कासवाची खरी अडचण त्याच्या खाण्यापासून सुरू होते. दुधात कुस्करलेली भाकरी, शिजवलेला भात, पोळीचा तुकडा, केळे, टोमॅटो असे पदार्थ त्याच्यापुढे ठेवले जातात. कासव ते खातेही. ते खाते म्हणजे त्याला ते मानवते, असा समज होतो आणि तो दीर्घकाळ टिकतो. कारण कासवाचे शरीर अतिशय सावकाश चालते. चुकीच्या आहाराचा परिणाम गाईम्हशीत दोन दिवसांत दिसून येईल; कासवात तो दिसण्यास अनेक महिने, कधी वर्षेही लागतात. दिसू लागतो तेव्हा पाठ वाकडी झालेली असते व हाडे ठिसूळ झालेली असतात. एकदा बिघडलेली पाठ पूर्ववत होत नाही. म्हणूनच या प्राण्याच्या आहाराची शास्त्रीय माहिती सर्वांस असणे इष्ट आहे.

कासव कोणते, हे प्रथम ओळखावे

सर्व कासवांचा आहार एकसारखा नसतो. भूचर, म्हणजे जमिनीवर राहणाऱ्या कासवाची पाठ घुमटासारखी उंच असते. त्याचे पाय हत्तीच्या पायांसारखे खांबाप्रमाणे जाड असतात व बोटांमध्ये पडदे नसतात. पाणकासवाची पाठ चपटी असते आणि पोहण्यासाठी त्याच्या बोटांमध्ये पडदे असतात.

वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, मार्कंडेय व घटप्रभा या नद्यांच्या खोऱ्यांत, तळ्यांत, विहिरींत किंवा भाताच्या खाचरांत आढळणारी कासवे पाणकासवेच असतात. त्यांपैकी एका मऊ पाठीच्या कासवाच्या पोटाकडील बाजूस मागील पाय झाकून घेणारी झाकणे असतात. हे कासव मासे, बेडूक, गोगलगायी, किडे, मेलेले प्राणी व काही पाणवनस्पती खाते. त्याला केवळ पालेभाजी देणे म्हणजे त्यास उपाशी ठेवणे होय. याउलट भूचर कासवास मांस, अंडी किंवा कुत्र्यामांजराचे तयार खाद्य देणे म्हणजे त्याच्या मूत्रपिंडांवर न पेलणारा भार टाकणे होय. पुढील विवेचन केवळ वनस्पती खाणाऱ्या भूचर कासवांविषयी आहे.

भारतात सर्वाधिक ओळखले जाणारे भूचर कासव म्हणजे तारांकित कासव. त्याच्या काळसर पाठीवरील प्रत्येक उंचवट्यापासून पिवळ्या रेषा किरणांप्रमाणे पसरलेल्या असतात. राजस्थान व गुजरातचा कोरडा भाग, आंध्र प्रदेश, तामिळनाडू, कर्नाटकाचा पूर्वेकडील कोरडा प्रदेश व श्रीलंका हे त्याचे मूळ प्रदेश होत. खुरटी झुडपे व गवताचे माळ त्यास मानवतात. खानापूरच्या बाजूस पडणारा दाट पाऊस व दमट रान हे त्याचे घर नव्हे. बेळगाव, निपाणी किंवा चिकोडी येथील एखाद्या घरात असे कासव दिसले, तर ते दूरच्या माळावरून पकडून आणलेले असण्याचा संभव मोठा असतो.

कायद्याची बाजू

तारांकित कासव घरी पाळण्यास कायद्याने मनाई आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. या दुरुस्तीनंतर तारांकित कासवाचा समावेश पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत झाला आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याविषयीच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. वर उल्लेखिलेल्या मऊ पाठीच्या पाणकासवासही याच अनुसूचीचे संरक्षण आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या बाबतीत, सायटिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारानुसार २०१९ साली तारांकित कासवाचा समावेश पहिल्या परिशिष्टात करण्यात आला. त्यामुळे रानातून पकडलेल्या कासवांचा देशादेशांमधील व्यापार बंद झाला.

एवढी कठोर तरतूद करण्याचे कारण तस्करी हे आहे. पाठीवरील नक्षीमुळे या कासवास परदेशांत मागणी असते व हजारो पिल्ले माळावरून वेचून पेट्यांत कोंबून नेली जातात. नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंगापूर येथून ५१ तारांकित कासवे विमानाने बंगळूरला परत आणण्यात आली व कर्नाटक वन विभागाच्या स्वाधीन करण्यात आली. त्यांना पुन्हा मूळ प्रदेशात सोडता यावे, हा त्यामागील उद्देश होता. अशा कासवांना माणसाच्या हातून मिळालेल्या खाण्यातून पुन्हा रानच्या खाण्याकडे वळवणे, हे वन कर्मचाऱ्यांचे व पशुवैद्यांचे एक मोठे काम असते.

परदेशी भूचर कासवांची स्थिती वेगळी आहे. आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरील सुल्काटा नावाचे कासव भारतात काही जण पाळतात. अशा विदेशी प्रजातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. विकत घेताना तळहातावर मावणारे सुल्काटाचे पिल्लू पुढे चाळीस-पन्नास किलो वजनाचे होऊ शकते व त्यास रोज पाटीभर गवत लागते, हे घेणाऱ्याने आधीच ध्यानात ठेवावे.

अशा प्रकारे आहाराची माहिती तीन वर्गांस उपयोगी आहे : ज्यांच्याकडे रीतसर नोंदणी झालेले विदेशी भूचर कासव आहे ते, जप्त केलेली किंवा सापडलेली कासवे सांभाळणारे कर्मचारी, आणि ज्याच्या दारी अकस्मात कासव आले आहे व वन विभागाचा माणूस येईपर्यंत ज्यास एखादा दिवस त्याची देखभाल करावयाची आहे, असा ग्रामस्थ.

कासवाचे पचन कसे चालते

कासवास दात नसतात. चोचीसारख्या कठीण जबड्याने ते पाने तोडते व न चावता गिळते. कडक गवत तोडताना ही चोच झिजत राहते. केवळ मऊ अन्न मिळालेल्या कासवाची चोच वाढून वाकडी होते व पुढे त्यास खाणेच अवघड जाते.

गवतातील चोथा फोडण्याचे काम त्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जीव करतात. गाईच्या पोटात हे काम पुढील कोठ्यात होते, घोड्याच्या मागील आतड्यात होते. कासव या बाबतीत घोड्याच्या जवळचे आहे. हे आंबवणे सावकाश होते. खाल्लेला घास बाहेर पडण्यास अनेक दिवस लागतात व थंडीत त्याहूनही अधिक. या सूक्ष्म जीवांना चोथा हवा असतो. त्याऐवजी केळे, आंबा, गूळ, भात असे साखरेचे व पिष्टाचे पदार्थ आतड्यात गेले, तर आंबवण्याची क्रिया बिघडते, वायू धरतो, जुलाब होतात आणि पोटातील जंतांचे प्रमाण वाढते. दूध पचविण्याची सोय तर या प्राण्यात निसर्गाने केलेलीच नाही; कोणतेही कासव आपल्या पिलास दूध पाजत नाही.

तात्पर्य, भूचर कासवाचा आहार चोथ्याने भरपूर, प्रथिने बेताची, साखर अत्यल्प आणि कॅल्शियम विपुल असा असावा लागतो. माणसाच्या ताटातील बहुतेक पदार्थ नेमके याच्या उलट असतात. जे अन्न माणसास पौष्टिक व चविष्ट, ते कासवास जड. आणि जे माणसास निव्वळ तण वाटते, तेच त्याचे खरे अन्न होय.

कॅल्शियम व स्फुरद यांचा हिशेब

कासवाची पाठ हाडाचीच बनलेली असते, म्हणून त्यास कॅल्शियम भरपूर लागते. परंतु आहारात स्फुरद अधिक झाले, तर अन्नातील कॅल्शियम अंगी लागत नाही. उलट शरीर रक्तातील कमतरता भरून काढण्यासाठी हाडांतील कॅल्शियम काढून घेऊ लागते. यासाठी आहारात स्फुरदाच्या किमान दुप्पट कॅल्शियम असावे, असे मानले जाते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अन्नमूल्यांच्या जुन्या व सर्वपरिचित सारणीवरून हा फरक स्पष्ट होतो. शेवग्याच्या १०० ग्रॅम पाल्यात कॅल्शियम सुमारे ४४० मिलिग्रॅम व स्फुरद ७० मिलिग्रॅम असते, म्हणजे कॅल्शियम सहापटीहून अधिक. केळ्यात कॅल्शियम सुमारे १७ व स्फुरद ३६ मिलिग्रॅम, म्हणजे प्रमाण उलटे. तांदळात कॅल्शियम सुमारे १० व स्फुरद १६० मिलिग्रॅम, म्हणजे स्फुरद सोळापट. रोज भात खाणाऱ्या कासवाची हाडे का ठिसूळ होतात, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

मात्र केवळ कॅल्शियमचा आकडा पाहून भागत नाही. पालक, चाकवत, घोळ व काही प्रमाणात माठ यांत ऑक्झॅलिक आम्ल असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते. म्हणून या भाज्या रोज न देता अधूनमधून, इतर पाल्यात मिसळून द्याव्यात. कोबी, फ्लॉवर व मुळ्याचा पाला यांतील काही घटक सतत पोटात गेल्यास गलग्रंथीच्या कार्यात अडथळा आणतात. बेळगावच्या भाजीबाजारात कोबीची बाहेरची पाने फुकट मिळतात म्हणून तीच रोज देणे योग्य नव्हे.

येथेच विविधतेचे महत्त्व ध्यानात येते. प्रत्येक वनस्पतीत काही गुण व काही दोष असतात. दहा प्रकारचा पाला थोडा थोडा पोटात गेला, तर कोणत्याही एकाचा दोष वाढीस लागत नाही व एकाची उणीव दुसरा भरून काढतो. माळावर हिंडणारे कासव नेमके हेच करते. एका जागी पोटभर न खाता चार पावले चालून दुसऱ्या झुडपास तोंड लावते.

बांधावर व परड्यात मिळणारा आहार

सीमाभागातील शेतकऱ्यास कासवाचे अन्न विकत आणावे लागत नाही. ते बांधावर, माळावर व परड्यात उगवलेले असते.

आहाराचा मुख्य भाग गवताचा असावा. हराळी, मारवेल व पवना ही गवते उत्तम होत. सुल्काटासारख्या चरणाऱ्या कासवाच्या आहारात चार हिश्शांपैकी तीन हिस्से गवतच असावे. तारांकित कासवास गवताबरोबर रुंद पानांचे तणही अधिक प्रमाणात लागते. उन्हाळ्यात हिरवे गवत नसते, तेव्हा गंजीतील वाळलेले गवत बारीक कापून, पाण्याचा हबका मारून द्यावे. बुरशी लागलेले किंवा कुबट वास येणारे गवत मात्र देऊ नये.

गवताच्या खालोखाल रानपाला येतो. पाथरी, केना, पुनर्नवा, कुरडू असा पाला पावसाळ्यात मुबलक मिळतो. पाथरीचे पान तोडले असता पांढरा चीक येतो. अठराव्या शतकात इंग्लंडमधील सेलबोर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचा निसर्गनिरीक्षक आपल्या बागेतील भूचर कासवाच्या सवयी वर्षानुवर्षे टिपून ठेवीत असे. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने, कासव पांढरा चीक असलेल्या पाल्यास विशेष पसंती देते, असे नमूद केले आहे. त्याने उल्लेखिलेल्या वनस्पती व आपली पाथरी एकाच कुळातील आहेत. अर्थात, चीक असलेली प्रत्येक वनस्पती खाण्यायोग्य असते, असा अर्थ यातून काढू नये. रुई व कण्हेर यांचा चीक विषारी असतो.

परड्यातील झाडांपैकी शेवग्याचा पाला व जास्वंदीची पाने आणि फुले अत्यंत उपयुक्त आहेत. तुतीचा पालाही चांगला. रेशीम उद्योगामुळे तुती कर्नाटकात सर्वपरिचित आहे. मात्र किड्यांसाठी राखलेल्या बागेतील पाल्यावर काही फवारले आहे काय, याची चौकशी करावी. भोपळा व दुधी यांच्या वेलांची कोवळी पाने व फुले, गोकर्णाची फुले हीही देता येतात. हदग्याच्या पाल्यात कॅल्शियम शेवग्याहूनही अधिक असते. परंतु त्यात प्रथिनेही पुष्कळ असल्याने तो आठवड्यातून एखाद्या वेळीच द्यावा.

कोरड्या भागांत कुंपणाला लावलेला फड्या निवडुंग हेही कासवाचे चांगले अन्न आहे. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. गॅलापागोस बेटांवरील महाकाय कासवे दुष्काळात तिच्यावरच निभाव काढतात. तिच्यात पाणी, चोथा व कॅल्शियम तिन्ही असतात. फडा चिमट्यात धरून जाळावर फिरवावा, म्हणजे मोठे काटे व बारीक कुसे दोन्ही जळून जातात; मग त्याच्या चिरा करून द्याव्यात.

बाजारच्या भाज्या पूरक म्हणूनच द्याव्यात. गाजर, काकडी, लाल भोपळा यांचा हिस्सा एकूण आहाराच्या दहाव्या भागाहून अधिक असू नये. बेळगावच्या पश्चिमेकडील गावांत रताळी विपुल पिकतात. परंतु रताळे पिष्टमय व गोड असल्याने ते टाळावे. फळे तारांकित कासवास क्वचित, पंधरा दिवसांतून एखादी फोड एवढीच द्यावीत व सुल्काटास न दिलेलीच बरी.

काय देऊ नये

(१) तंबाखू. निपाणी परिसरात तंबाखूचे पीक व विडीचा धंदा यांमुळे ही सूचना विशेष महत्त्वाची आहे. तंबाखूच्या पानातील निकोटीन हे तीव्र विष आहे. तंबाखूच्या शेतातील तण, वखारीच्या आवारातील गवत किंवा तंबाखूची भुकटी उडून बसलेला पाला कासवास घालू नये. विड्या वळणाऱ्या किंवा तंबाखू हाताळणाऱ्या व्यक्तीने पाला तोडण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

(२) औषध फवारलेला पाला. ऊस, सोयाबीन, भाजीपाला यांच्या शेतांत तणनाशके व कीटकनाशके वापरली जातात. फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरील गवतही वर्ज्य समजावे. रहदारीच्या रस्त्याच्या कडेचे गवत धूर व तेल यांनी दूषित झालेले असते.

(३) कोवळी ज्वारी. पाण्याचा ताण पडलेली कोवळी ज्वारी खाऊन जनावरास किराळ लागते, हे शेतकऱ्यास ठाऊकच आहे. त्या पाल्यात तयार होणारे विष कासवाच्या बाबतीतही धोक्याचे आहे.

(४) विषारी झुडपे. घाणेरी, कण्हेर, धोतरा, रुई, एरंड व गाजर गवत यांपासून कासव दूर ठेवावे. परड्यात मोकळे सोडले जात असल्यास ही झुडपे काढून टाकावीत.

(५) स्वयंपाकघरातील पदार्थ. भात, पोळी, भाकरी, पाव, बिस्किटे, दूध, दही, डाळी, पेंड, तळलेले व तिखटमिठाचे पदार्थ कोणत्याही प्रमाणात देऊ नयेत. देवापुढील नैवेद्यही यास अपवाद नाही. श्रद्धेने काही वाहावयाचेच असेल, तर जास्वंदीचे फूल वाहावे. ते कासवास चालते.

(६) खाण्याचा चुना. कॅल्शियम मिळावे म्हणून काही जण पानास लावण्याचा चुना पाल्यास चोळतात. हा चुना दाहक असतो व त्याने तोंड व अन्ननलिका भाजते. त्याऐवजी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस जवळ ठेवावा, म्हणजे कासव गरजेप्रमाणे तो कुरतडते. उकळून वाळवलेल्या अंड्याच्या कवचाची चिमूटभर पूड पाल्यावर भुरभुरली तरी चालते.

ऊन, पाणी व ऋतुमान

आहार कितीही योग्य असला, तरी ऊन नसेल तर तो अंगी लागत नाही. उन्हातील अतिनील किरणांच्या साहाय्याने कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते व त्यायोगे कॅल्शियम शोषले जाते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग होत नाही, कारण काच हे किरण अडवते. कासवास रोज सकाळी काही वेळ उघड्यावर ऊन मिळावे व त्याच जागी सावलीही असावी. सावली नसल्यास दुपारच्या उन्हात ते थोड्याच वेळात दगावू शकते.

पाणी उथळ ताटलीत, कासवाच्या हनुवटीपर्यंत येईल एवढेच असावे व रोज बदलावे. भूचर कासव पोहू शकत नाही. त्यास हौदात, विहिरीत किंवा बादलीत सोडू नये. पाठीवर उंच सुळके येण्याचे कारण केवळ जास्त प्रथिने, असे पूर्वी मानले जाई. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिएन्ना येथील संशोधकांच्या प्रयोगात मात्र असे आढळले की, सुल्काटाच्या पिलांत हवेतील कोरडेपणाचा परिणाम प्रथिनांहून मोठा असतो. म्हणून लहान पिलांच्या निवाऱ्यात ओलसर मातीचा व पाल्याचा कोपरा असावा. तारांकित कासवाच्या पाठीवरील थोडेसे उंचवटे मात्र जातिस्वभावाने असतात. त्यांस रोग समजू नये.

कासवाचे रक्त सभोवतालच्या उष्णतेवर अवलंबून असते. अंग तापल्याखेरीज त्याचे पचन चालत नाही. बेळगावची हिवाळ्यातील पहाट बरीच गार असते. अशा वेळी पुढ्यात टाकलेले अन्न खाल्ले गेले, तरी ते पोटात कुजण्याचा धोका असतो. ऊन अंगावर आल्यानंतर, साधारण दहाच्या सुमारास आहार द्यावा. थंडीत व ढगाळ दिवसांत खाणे कमी होते. त्या काळी बळेच भरवू नये.

प्रमाण व प्रकृतीची पाहणी

कासवाच्या पाठीच्या आकाराएवढा पाल्याचा ढीग हा एका दिवसाच्या आहाराचा सोपा अंदाज होय. पिलास रोज, तर मोठ्या कासवास आठवड्यातून एक दिवस वगळून आहार द्यावा. गवत मात्र नेहमी उपलब्ध असावे. उरलेला ओला पाला संध्याकाळी काढून टाकावा.

महिन्यातून एकदा वजन करून वहीत नोंद ठेवावी. वजन सतत घटणे, पाठ दाबली असता मऊ लागणे, पाय ओढत चालणे, डोळे सुजणे, नाकातून पाणी येणे, चोच वाढणे, पातळ शेण होणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास घरगुती उपाय न करता पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. भात-पोळीवर वाढलेले कासव प्रथम गवतास तोंड लावत नाही. अशा वेळी हार मानू नये. त्याच्या आवडीच्या भाजीत बारीक चिरलेले गवत मिसळून, दर आठवड्यास गवताचे प्रमाण वाढवीत गेल्यास त्यास हळूहळू सवय लागते.

कासव सापडल्यास काय करावे

आपल्या भागात भूचर कासव सापडल्यास ते घरी ठेवून घेऊ नये व विकू नये. तसेच परस्पर नदीत किंवा रानात नेऊनही सोडू नये. नदीत सोडलेले भूचर कासव बुडून मरते, आणि खानापूरच्या दमट जंगलात सोडलेले कोरड्या माळावरचे कासव आजारी पडते. बाजारात काचेच्या भांड्यात मिळणारे, कानामागे लाल पट्टा असलेले अमेरिकन पाणकासव नदीत सोडणे हेही तितकेच अयोग्य. ते देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते.

सापडलेले कासव हवा खेळणाऱ्या खोक्यात, सावलीत ठेवावे. उथळ पाणी, मूठभर हराळी व जास्वंदीची दोन-चार पाने एवढेच पुढे ठेवावे आणि त्याच दिवशी जवळच्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयास कळवावे. ते शक्य नसल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावे. कागल, गडहिंग्लज अशा महाराष्ट्राच्या हद्दीतील गावांनी महाराष्ट्र वन विभागास कळवावे. सापडलेले कासव तातडीने कळवून स्वाधीन करणे हे कर्तव्य आहे. कारवाईच्या भीतीने ते लपवून ठेवणे किंवा रात्री कोठे तरी टाकून देणे यात माणसाचे व कासवाचे दोघांचेही नुकसान आहे.

शाळांतून काय करता येईल

शिक्षकांनी या विषयाचा उपयोग परिसर अभ्यासासाठी करून घ्यावा. वर्गात जिवंत कासव आणण्याची आवश्यकता नाही व ते उचितही नाही. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जातीचे रोगजंतू असू शकतात. याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. कासवास स्पर्श झाल्यास मुलांनी साबणाने हात धुवावेत. त्याऐवजी मुलांना गावच्या बांधावर नेऊन तृणभक्षक प्राण्यांस चालणाऱ्या दहा व न चालणाऱ्या पाच वनस्पती ओळखावयास सांगाव्यात व त्यांचे वाळवलेले नमुने वहीत लावून घ्यावेत. जी वनस्पती आपण तण म्हणून उपटतो, ती कोणाचे तरी अन्न आहे, हे मुलांच्या ध्यानात आले तरी पुष्कळ झाले.

कासव दीर्घायुषी असते. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातील अद्वैत नावाचे महाकाय कासव मार्च २००६ मध्ये मरण पावले, तेव्हा त्याने त्या एका आवारातच शंभराहून अधिक वर्षे काढलेली होती. तारांकित कासवही योग्य परिस्थितीत कित्येक दशके जगते. म्हणजे आज एखाद्याने हौसेने घरी आणलेले कासव उद्या त्याच्या मुलांच्या व कदाचित नातवंडांच्या पदरी पडणार असते. नोंदणीकृत कासव बाळगणाऱ्याने ही दीर्घ जबाबदारी ओळखून त्यास गवत, रानपाला, ऊन व पाणी यांची जोड द्यावी. देशी कासवाची जबाबदारी मात्र ते ज्या माळाचे आहे त्या माळावरच सोपवावी. तेथील पंगत त्याच्यासाठी निसर्गाने आधीच मांडून ठेवलेली आहे; तो माळ नांगरला जाऊ नये, जाळला जाऊ नये व त्यावर विषारी औषधे फवारली जाऊ नयेत, याची काळजी घेणे हे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी या सर्वांचे समान कर्तव्य आहे.